तारेला हात लावताना

मामांच्या घरात शिरलं की आधी ॲम्प्लिफायरची गुणगुण कानावर यायची आणि तिच्या पाठोपाठ मामीच्या तव्यावर थापल्या जाणाऱ्या भाकरीचा आवाज. नांदेडला मी कॉलेजसाठी आले ती त्यांच्याकडेच राहायला. आमचं घर लातूरला. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं भांड्यांचं दुकान. मामा दिवसा झेरॉक्सचं दुकान चालवायचे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. पुढच्या खोलीत त्यांचा कीबोर्ड, ताल धरणाऱ्या खलीलभाईंचं ऑक्टोपॅड, गुंडाळलेल्या वायरींची वेटोळी. मागच्या खोलीत मामीचं राज्य, तिथं येसराच्या आमटीचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास. दोन्ही खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, पडदा होता. त्यामुळे तालीम चालू असताना मामी आतून ओरडून सांगायची, "अहो, ते दुसरं कडवं लई पळून राहिलंय!" आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं.

बेस गिटार माझ्याकडे आली ती कुणी दिली म्हणून नव्हे, तर कुणी घेईना म्हणून. आधीचा वाजवणारा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना आपली जुनी गिटार कपाटामागं ठेवून गेला. मी सहज उचलली. जाड जाड चार तारा. एक छेडली तर आवाज कानाच्या आधी पोटात ऐकू आला. मला तेवढं पुरलं. मामांनी बोटं कशी ठेवायची ते दाखवलं, खलीलभाईंनी तालाशी कसं चिकटून राहायचं ते शिकवलं. "बेटा, गाना कोई भी गाए, उसके पाँव तेरे पास हैं," असं ते म्हणायचे. गिटार मात्र भिकार होती. तिची मान वाकलेली, त्यामुळे तारा इतक्या उंच उठलेल्या की दाबताना डाव्या हाताच्या बोटांना भेगा पडायच्या. वरच्या पट्ट्यांवर गेलं की सूर घसरायचा. वायर जिथं खुपसायची ते भोक सैल झालेलं, तिथं मामांनी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. मी वर्षभर तिच्यावरच शिकले आणि कार्यक्रमांना जाऊ लागले. अप्पांना ते फारसं आवडलं नव्हतं, पण मामा बरोबर असतात म्हणून ते गप्प होते.

देगलूरचा तो मांडव अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. एका रिसेप्शनचा कार्यक्रम होता, दुपारची वेळ, पाहुणे यायचे होते. आदल्या रात्रीच्या पावसानं स्टेजची सतरंजी दमट होती. मांडववाला कुणावर तरी तेलुगूत ओरडत होता, जनरेटर धडधडत होता. आम्ही आवाज तपासत होतो. मामा म्हणाले, "नंदा, त्या माईकवर जरा बोल गं." माझा डावा हात गिटारीच्या तारांवर होता. मी पुढं वाकले आणि "हॅलो" म्हणायला तोंड उघडलं. माझा ओठ माईकच्या जाळीला लागला.

पुढचं सांगणं अवघड आहे. दुखलं असं म्हणता येत नाही, कारण दुखायला आपण शिल्लक असावं लागतं. सगळं अंग एकाच मुठीत कुणीतरी आवळलं. तारा सोडाव्यात असं कळत होतं, पण हात उलट त्यांनाच घट्ट धरत होता. डोक्यात एकच जाड सूर वाजत होता आणि तो स्पीकरमधून येत नव्हता. मामा माझ्याकडे पाहून हसत होते, कारण त्यांना वाटलं मी चेष्टेनं तोंड वाकडं करतेय. ते हसणं बघता बघता मला कळलं की मी मरतेय आणि हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

खलीलभाईंच्या लक्षात आलं. त्यांनी बुटाच्या पायानं माईकच्या स्टँडला अशी लाथ मारली की तो स्टेजवरून खाली कोसळला. मी मागं पडले, गिटार माझ्या छातीवर. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाचा कागद काढला आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे, वाचल्या." माझ्या ओठावर एक काळा ठिपका आणि डाव्या हाताच्या बोटांवर पांढरे चट्टे, एवढंच काय ते दिसत होतं. मामा बाकड्यावर बसून रडत होते. त्या दिवशी त्यांना लातूरला फोन करायचं धाडस झालं नाही. शेवटी मामीनं केला.

अप्पा आले आणि मला घेऊन गेले. लातूरच्या घरात सगळं नेहमीसारखं होतं. पहाटे अप्पांची लिंगपूजा, कपाळावर विभूतीच्या आडव्या रेघा, मग आईची चुरमुऱ्यांची सुशीला, दुकानातून येणारा पितळेचा खणखणाट. फक्त मी बदलले होते. दिव्याचं बटण मी पेन्सिलीच्या टोकानं दाबायचे. फ्रिजच्या मुठीला टॉवेल गुंडाळल्याशिवाय हात लावायचे नाही. आईनं मिक्सर सुरू केला की दुसऱ्या खोलीत माझे खांदे कानांपर्यंत जायचे. लोखंडी कढई, नळाची तोटी, दाराची कडी, जे जे धातूचं ते ते मला वाट पाहत बसलेलं वाटायचं. भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी, आणि दुकानात पाय टाकवेना. आमच्या घरात चपला उंबऱ्याबाहेर काढायचा नेम फार कडक. पण आईनं नव्या रबरी स्लीपर आणल्या आणि स्वयंपाकघरातसुद्धा मला त्या घालू दिल्या. शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई, घरात चपला?" आई म्हणाली, "असू द्या. तिला गार लागतंय." उन्हाळा होता.

आता केस पांढरे झाल्यावर, मुलांना वाजवायला शिकवताना मला कधी कधी विचारतात की तुम्ही तेव्हा वाजवणं सोडलं कसं नाही. लोकांना उत्तरात जिद्द ऐकायची असते. माझ्याकडे ती नव्हती. मी सोडलंच होतं, फक्त तसं तोंडानं म्हणायची लाज वाटत होती.

काही आठवड्यांनी मामा लातूरला आले. जेवताना म्हणाले, "दाजी, त्या जुन्या गिटारीतच खोट होती. म्या ती भंगारात दिली. नंदाला चांगली नवी घेऊन देऊ. पुढं गणपती येऊन राहिलेत, तिच्याबिगर बसत न्हाई आमचं." मी मान वर न करता म्हणाले, "नवी असली तर वाजवीन." हे बोलताना माझी खात्री होती की अप्पा ताट सारून उठतील आणि म्हणतील, बस झालं. मग नकार त्यांचा होईल, मला भीती कबूल करावी लागणार नाही.

अप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. बराच वेळ चावला. मग म्हणाले, "रविवारी जाऊ. म्या येतो संगं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना माझ्या वाजवण्याचं कौतुक नव्हतं. पण घरातली आपली मुलगी पेन्सिलीनं बटण दाबते हे ते रोज बघत होते, आणि त्यावर त्यांना दुसरा उपाय सुचत नव्हता, हे मला पुष्कळ पुढं कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की मी स्वतःच विणलेल्या जाळ्यात अडकले.

बसमध्ये खिडकीच्या लोखंडी दांड्याला हात लागू नये म्हणून मी अंग चोरून बसले होते. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. आईनं दिलेले धपाटे अप्पांनी उघडले, माझ्यापुढं धरले. मला घास गिळवेना. बाहेर बघत ते म्हणाले, "त्या दिवशी लई दुखलं का गं?" तोवर त्यांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता. मी म्हणाले, "दुखलं न्हाई अप्पा. सुटता येईना, तेवढंच." त्यांनी धपाटे परत फडक्यात बांधले. त्यांनीही खाल्ले नाहीत.

वाद्यांचं दुकान नांदेडच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदार कंधारकर, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला, जरा तिरसट. मामा आधीच येऊन बसले होते. भिंतीवर तीन बेस टांगलेल्या. कंधारकरांनी त्या उतरवून गादीवर मांडल्या आणि मला म्हणाले, "बसा ताई. तिन्हीवर एकच गत वाजवा. घाई करू नका. रंगाकडं बघू नका."

"वायर लावायची का?" मी विचारलं.

"लागंल तवा लावू."

मी तशाच, नुसत्या वाजवायला घेतल्या. पहिली पाच तारांची, मामांच्या मनातली. "आजकालच्या गाण्याला खालचा सूर लागतो, पाच तारंशिवाय पर्याय न्हाई," असं ते तालमीत म्हणायचे. पण तिची मान एवढी रुंद की माझा अंगठा मागं आणि बोटं पुढं अशी धरताना मनगट पिरगळत होतं. ती सगळ्यात जाड पाचवी तार माझ्या हातात नुसती लोंबत होती, सूर कमी आणि फडफड जास्त. दुसरी काळी, हलकी, सुबक. तिच्या पाठीवर छोटं झाकण होतं. कंधारकर म्हणाले, "हिच्यात बॅटरी बसती. आवाज उठून दिसतो."

बॅटरी! हा शब्द ऐकला आणि माझ्या छातीतलं काहीतरी सैल झालं. बॅटरीवर चालते म्हणजे भिंतीतल्या करंटचा संबंध नाही. टॉर्चनं कधी कुणी मेलंय का? मी ती काळी गिटार मांडीवर अशी घट्ट धरली, जणू ती कुणी काढून घेईल. मधल्या पट्टीवर तिचा एक सूर लवकर विझत होता, ते मला ऐकू येत होतं, तरी मी ते ऐकलं नाही असं ठरवलं.

तिसरी तपकिरी, चार तारांची, वजनाला भारी. ती मी केवळ कंधारकर बघत होते म्हणून घेतली. बोटं खाली ठेवली आणि दचकले. तारा दाबायला जोर लागतच नव्हता. वर्षभर वाकलेल्या मानेशी झटापट केलेला माझा हात उगाच जास्त ताकद लावत होता. खालपासून वरपर्यंत गेले, प्रत्येक सूर सारख्याच वजनाचा. वायर नसल्यानं आवाज बारीक होता, म्हणून मी वाकून हनुवटी तिच्या लाकडावर टेकवली. मग तो सूर जबड्यातून कानात आला. पण तरीही मी तिला बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "काळी द्या. बॅटरीवाली."

"कामून?" कंधारकर म्हणाले. "वाजवताना तर तुमचं तोंड तपकिरीवर खुललं."

मामांनी देगलूरची हकीकत सांगितली. कंधारकरांनी चष्मा डोळ्यांवर आणला.

"हे बघा ताई," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज तिरसट नव्हता. "बॅटरी आतल्या आवाजासाठी असती. पण शेवटी वायर ॲम्पलाच जोडणार ना? गिटारीच्या तारा त्या वायरीतून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या राहत्यात. काळी घ्या, तपकिरी घ्या, तेच. देगलूरला तुमच्या गिटारीनं करंट सोडला न्हाई. मांडवातली लाईन वाईट, जमिनीत अर्थिंग न्हाई. ॲम्पकडं एक करंट, माईककडं दुसरा, अन् मधात तुम्ही."

"मग सेफ कोणती?" मी विचारलं.

"तसं म्हणाल तर एकबी न्हाई. मला इकायचीच असती तर काळी दिली असती, तीच महाग हाय."

इतके दिवस त्या भंगारात गेलेल्या गिटारीत होती ती भीती आता सगळ्या भिंतींतून, सगळ्या मांडवांतून माझ्याकडे बघत होती. अप्पा उठले. "मग चला," एवढंच म्हणाले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन चप्पल घालू लागले. जी सुटका मी आठवडाभर मागत होते ती समोर उघडी होती. फक्त उठायचं होतं.

मला उठता आलं नाही. याचं कारण आजही मला नीट सांगता येत नाही. तपकिरी गिटार शेजारी पडली होती आणि तिचा मी अर्धाच आवाज ऐकला होता, हनुवटीतून ऐकू येईल तेवढा. पूर्ण सूर कसा असेल हे न ऐकता जिना उतरले असते तर तो प्रश्न आयुष्यभर माझ्याबरोबर राहिला असता. मी म्हणाले, "अप्पा, थांबा."

कंधारकरांनी टेबलाच्या खणातून मीटर काढला, वीजवाले वापरतात तसला, दोन टोकांचा. ॲम्प चालू केला, गिटारीला वायर लावली, माईक चालू केला. मला हात लावू दिला नाही. मीटरचं एक टोक तारेला, दुसरं माईकच्या जाळीला लावून म्हणाले, "आकडा वाचा." शून्याच्या आसपास होता. "हे असं असलं तरच हात लावायचा. आकडा चढला की लावायचा न्हाई, मग समोर कुणीबी असो. कळलं?" त्यांनी ते मला स्वतःच्या हातांनी परत करायला लावलं. मीटरची टोकं धरतानाही मी प्लॅस्टिकच्या मुठीच्या अगदी मागच्या टोकाला धरली होती.

मग मी गिटार मांडीवर घेतली. बोट तारेजवळ नेलं आणि ते तिथंच थांबलं, तारेपासून केसभर अंतरावर. घाम डोळ्यांत उतरत होता. अप्पा एका पायात चप्पल घालून उभे होते. कुणी "घाबरू नको" म्हणालं नाही, त्याबद्दल मी त्या तिघांची आजही ऋणी आहे. शेवटी डोळे मिटून मी ती खालची जाड तार छेडली. खोलीतल्या टांगलेल्या सगळ्या ढोलक्या एकदम हलकेच गुणगुणल्या. सूर आला, भरला, आणि माझं बोट काढेपर्यंत तसाच राहिला. मी रडत होते. मामा म्हणाले, "पाच तारंचं जाऊ दे. हीच घे."

अप्पांनी खाली उतरल्यावर शेजारच्या विजेच्या दुकानातून तसाच एक मीटर घेतला आणि तो गिटारीच्या पिशवीत नव्हे, स्वतःच्या खिशात ठेवला.

आता बिनवायरीची यंत्रं मिळतात. गिटार आणि ॲम्प यांच्यात वायरच राहत नाही. मीही वापरते. तरी माईकला ओठ टेकवत नाही, आणि घरी मिक्सर लावायचा असला की शेजारच्या खोलीत जाते. नव्या गिटारीनं भीती गेली असं मी कुणाला सांगत नाही. तसं झालंच नाही.

नवी गिटार घेतल्यावरचा पहिला कार्यक्रम अर्धापूरला होता, एका केळी बागायतदाराकडं, साखरपुड्याचा. अप्पा दुकान बंद ठेवून आले आणि पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. दुपार कलली होती, पाहुणे केळफुलाची भजी खात होते. अप्पांनी खिशातून काढून दिलेला मीटर मी लावला आणि आकडा चढला, भराभर चढला. मी मामांना म्हणाले, "हात लावणार न्हाई मी."

मांडवाचा वीजवाला पोरगा हसला. "ओ ताई, काय होत न्हाई! वाजवा बिनधास्त." मुलीचे काका स्टेजजवळ आले. "मुहूर्त टळून राहिलाय. एका पोरीसाठी किती वेळ थांबायचं?" मामांचा चेहरा उतरला. लोक बघत होते. मी एकच वाक्य म्हणत राहिले, "लाईन बघा. मी हात लावणार न्हाई." त्या काकांपेक्षा मला तारेची भीती जास्त होती, एवढंच माझं बळ. शेवटी खलीलभाई ऑक्टोपॅडवरून उठले आणि म्हणाले, "बच्ची सही बोल रही है. हम भी नहीं बजाते." मग लाईन तपासावीच लागली. मांडवाच्या लोखंडी खांबाखाली एक वायर सोललेली निघाली. त्याच खांबाला टेकून नवरीमुलीची लहान बहीण मघापासून उभी होती. रबरी चपलांनी वाचली. काका तिला उचलून आत घेऊन गेले. वायर बदलली, अर्थिंगसाठी जमिनीत सळई ठोकून तिच्यावर मिठाचं पाणी ओतलं. मी परत मीटर लावला. शून्य.

तरी हात पुढं जाईना. खलीलभाईंनी एक दोन तीन चार मोजलं, गाणं सुरू झालं, पहिली ओळ माझ्याशिवायच गेली. दुसरीही गेली. मामांनी वळून पाहिलं नाही. तिसऱ्या ओळीला मी तार छेडली.

परतीच्या बसमध्ये गिटार आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. अप्पा म्हणाले,

"तू सुरू कवा केलंस ते म्या बघितलंच न्हाई."

"का?"

"डोळे मिटून बसलो होतो मी," ते म्हणाले. "गाणं वाजून राहिलं होतं, पर मला त्यात तुझं कोणतं ते कळंना. मंग बुडाखालची खुर्ची थरथरली. तवा डोळे उघडले."